उलटं ठोकलेलं नाणं

आमच्या दुकानात येणारा माणूस आधी नाणं दाखवायचा नाही, मूठ दाखवायचा. काउंटरवर मूठ ठेवायची, मागे कोणी उभं नाही ना बघायचं आणि मग विचारायचं, "जुनी नाणी बघता ना तुम्ही?" मूठ उघडण्याआधीचा त्याचा चेहरा मला फार आवडायचा. उघडल्यावर बहुतेकदा आमच्या हातून त्या चेहऱ्यावरचा उजेड जायचा. मोबाईलवर कोणीतरी लाखाला विकलं म्हणून आणलेलं नाणं साधं पाच रुपयांचं निघायचं. मुश्ताकचाचा ते परत त्याच्या मुठीत ठेवायचे. "भाई, इसकी कटिंग चाय पिओ. इसकी इतनीही किंमत है, पर चाय अच्छी मिलती है."

हे सगळं भूतकाळात लिहावं लागतंय, कारण यंदा उन्हाळ्यात चाचांनी दुकान बंद केलं. डोळे साथ देईनात. भिवंडीच्या बाजारातल्या त्या अरुंद गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं लटकतात. मी अजूनही कॉलेजातून येताना तिथे क्षणभर थांबते. दुकानदार पोरगा विचारतो, "कौनसा मॉडल?" मी काहीच न घेता पुढे जाते.

दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिही, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. असं लिहिणारी माणसं सगळी नोकरी करून निवृत्त झालेली असतात. मी अजून टी.वाय.ला आहे. वडील लूमवर आहेत, आई कामतघरला एका कारखान्यात कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळते. बारावीच्या पुढे शिकणारी आमच्या घरातली मी पहिली. अकरावीपासून दुपारी चाचांकडे काम केलं, तेवढंच माझं "कामाचं आयुष्य". पण त्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

भिवंडीत कोरियाची नाणी कुठून येणार, असं कोणालाही वाटेल. ती मशीनमधून येतात. तिकडचे कारखाने जुने लूम विकतात आणि ते जहाजातून इकडे येतात. राहनाळच्या गोडाऊनमध्ये ते खोलले की तळाच्या पत्र्यात तेल आणि सुताचा चिखल साचलेला असतो. त्यात कधी बटणं सापडतात, कधी केसांच्या पिना, कधी नाणी. खोलणारी पोरं ती डब्यात भरून चाचांकडे आणायची. पहिला डबा मी घरी आणला आणि कोमट तेलात भिजत घातला, तेव्हा आई बराच वेळ एक तांबूस नाणं बोटांत फिरवत बसली. त्यावर दगडी मनोरा होता.

"शिफ्टमधी वाकली असंल," ती म्हणाली. "सूत तुटलं, वाकली, पडलं पदरातून."

"तिकडे पदर नसतो गं."

"मग खिशातून. पगाराच्या आधी पडलं का नंतर, तेवढं कळतं का तुमच्या अभ्यासात?"

नाही कळत. नाणं फार थोडं सांगतं, हे मी पहिल्यांदा आईकडून शिकले.

ओळखण्याची रीत सांगते. जुनं कोरियन नाणं म्हणजे पितळी चकती, मधोमध चौकोनी भोक, भोकाच्या चार बाजूंना चार चिनी अक्षरं. अडचण अशी की चीनची, जपानची आणि कोरियाची जुनी नाणी अशीच असतात. उजवं-डावं अक्षर तर बरेचदा तिन्हीकडे एकच. म्हणून बघायचं ते वर आणि खाली. कोरियाच्या नेहमीच्या नाण्यावर खालचं अक्षर तराजूसारखं दिसतं, आडव्या दांड्या, मधे उभी रेघ, दोन बाजूंना दोन छोटी पारडी. मग नाणं उलटायचं. चीनच्या मागच्या काळातल्या नाण्यांवर पाठीमागे उभी, गुंतलेल्या दोऱ्यासारखी वेगळी लिपी असते. कोरियाच्या पाठीवर टाकसाळीची खूण म्हणून भोकाच्या वर एक अक्षर असतं. एवढं कळलं की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यासाठी बॅटरी तिरपी धरायची, कारण झिजलेलं अक्षर सरळ उजेडात लपतं आणि तिरप्या उजेडात सावली टाकतं.

नंतरच्या काळातल्या नाण्यांची मजा वेगळी. एकदा एक भंगारवाला फूल कोरलेलं नाणं घेऊन तणतणत आला. त्यावर साल होतं ४२९२. "मुझे चूना लगाया! ये तो अभी बना ही नहीं!" चाचा गंभीरपणे म्हणाले, "संभालके रखो. दो हजार साल बाद आना, नया का नया देंगे." मग मी सांगितलं की आपल्याकडे शक आणि संवत असतात, तशी त्यांचीही एक जुनी कालगणना होती. त्यातून दोन हजार तीनशे तेहतीस वजा करायचे. तो वजाबाकी करत करत दुकानाची पायरी उतरला.

मी कधी ठामपणे बोलायची नाही. "बहुधा कोरियाचं आहे", "बहुधा शंभर-दीडशे वर्षांचं". चुकण्याची भीती वाटायची. चाचा गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायचे, "ये हमारी बहुधा मॅडम."

गेल्या वर्षी गणपती गेल्यावर राहनाळहून हिराआजी आल्या. सोबत नातू जयेश. गळ्यात सोन्याचा गोफ, हातात गाडीची किल्ली. त्यांच्या भाताच्या जमिनीवर आता गोडाऊनं उभी आहेत, हे त्यानेच बसता बसता सांगितलं. आजीने मात्र मूठ लगेच उघडली नाही.

"आजी, दाखव ना. मॅडमना टाइम नसंल."

"तुना घाई तर तू जा गारीत बस."

मग मूठ उघडली. भोकाचं पितळी नाणं, पण नुकत्याच घासलेल्या भांड्यासारखं लखलखीत.

"आजी, हे घासता का तुम्ही?"

"घासतंय म्हंजे? देव्हाऱ्यान् ठेवलंय. दर दिवालीला देवांबरोबर चिंच लावून, राख लावून लख्ख करतंय. लगीन झालं तवापासना." त्यांच्या आवाजात अभिमान होता.

चाचांनी भिंग लावलं, नाणं एकदा उलटलं. "चायना," ते म्हणाले. जयेशने मांडीवर थाप मारली. "बोललो ना! मी तेच बुक करतोय. चायनाची टूर. दसऱ्याला नावं द्यायचीत."

मी विचारलं, "नाण्यावरून टूर?"

तेव्हा आजीने सांगितलं. त्यांचे मालक जहाजावर खलाशी होते. लग्नानंतर दोनदा घरी आले. दुसऱ्या खेपेला हे नाणं आणलं आणि एका बंदराबद्दल बोलत राहिले. डोंगराला चिकटून घरं, माणूस दारात उभा राहिला की खाली सगळी जहाजं दिसतात. "मना बोलले, हिरे, तुना एकदा तिथं नेन. तू दारान् उभी र्‍हा, मी खालना हात करन. नाव सांगलं व्हतं त्यांनी. मी हसत व्हते, ध्यान दिला न्हाय." तिसऱ्या खेपेला ते जहाजावरच तापाने गेले. "मानूस दर्यात सोडला त्यांनी. मना पेटी आनून दिली."

जयेश मोबाईलकडे बघत होता, पण स्क्रीन बंद होता. "आता पैसा आहे, पासपोर्ट काढलाय," तो म्हणाला. "गुडघे अजून चालतायत. डॉक्टर बोलला, जायचं तर याच वर्षी. मी बोलतो, आजी, तू फक्त बोल कुठं. तर ही नाणं दाखवते."

म्हणजे आम्ही चुकलो तर म्हातारी आयुष्यात एकदाच विमानात बसणार आणि भलत्याच देशात उतरणार. मी नाणं खिडकीशी नेलं. बॅटरी तिरपी धरली. वरचं अक्षर गेलेलं. पाठ तर आरशासारखी गुळगुळीत, एवढ्या दिवाळ्यांची चिंच तिथे सगळं पुसून गेली होती. खाली मात्र भोकाच्या कडेला लागून एक आडवी दांडी आणि तिच्याखाली एक पारडं. एकच.

"चाचा, मला शंका आहे. हे बहुधा..."

"बोल, बोल. शकवालाच या धंद्यात टिकतो."

"बहुधा कोरियाचं आहे."

चाचांनी पुन्हा भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. "मेरी आँखें अब नहीं बोलतीं. तू बोल."

पण खरी अडचण पुढेच होती, आणि ती सांगताना मला जड गेलं. हे नाणं आजोबांच्या जन्माच्या कितीतरी आधीच चलनातून गेलेलं. ते त्यांनी कुठल्यातरी दुकानातून शोभेसाठी घेतलेलं असणार. कोरियाचं जुनं नाणं सिंगापूरच्या फुटपाथवरही मिळू शकतं. ते कुठे पाडलं गेलं, एवढं मी सांगू शकत होते. आजोबांच्या हातात ते कुठे आलं, हे नाही.

"मग कशावरून कळंल?" जयेश म्हणाला.

"सुट्या पैशांवरून. जुनं नाणं माणूस विकत घेतो. सुटे पैसे कोणी विकत घेत नाही, ते खिशात उरतात. त्या पेटीत काही चिल्लर होती का, आजी?"

"पेटीन् कपडे व्हते." मग हळूच म्हणाल्या, "उंबऱ्यावर हाय एक."

दुसऱ्या दिवशी मी शेअर रिक्षाने राहनाळला गेले. बंगल्याच्या मागे, कपडे धुण्याच्या दगडाशेजारी जुन्या घराचा सागवानी उंबरा आडवा पडला होता. घर पाडलं तेव्हा आजीने तेवढा ठेवून घेतला होता आणि संध्याकाळी त्या त्याच्यावरच बसायच्या. मधोमध एक पिवळट तांबडी टिकली, तिच्यातून आरपार ठोकलेला खिळा. लक्ष्मी यावी म्हणून उंबऱ्यावर नाणं ठोकतात तसंच. वरची बाजू पायांनी घासून पार सपाट झाली होती. बॅटरी सगळ्या बाजूंनी फिरवली, काही नाही.

"याची दुसरी बाजू बघायला हवी," मी म्हटलं. "लाकडाकडची. तिला कोणाचाच हात लागलेला नाही."

"म्हंजे?"

"खिळा काढावा लागेल."

जयेश पकड आणायला वळला. आजी उंबऱ्यावर बसल्या, नेमक्या त्या नाण्यावर हात ठेवून.

"न्हाय."

"आजी, अगं पाच मिनिटांचं काम..."

"तुजे पाच मिनिटं. त्यांचे हातचा खिला हाय तो. जहाजावर गेले त्याच्या आदले दिवशी ठोकला. मी पोटुशी, तुजा बापूस पोटान्. बोलले, खाली वाकू नको, मी ठोकतंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, पेटी कंपनीची व्हती. कपडे इरले. त्यांचे हातचं असं माज्याकरं यवढंच र्‍हायलंय."

चाचा असते तर काहीतरी हलकं बोलले असते. मी एवढंच म्हणाले की, गंजलेला खिळा आहे, काढायचाच असेल तर आधी रोज थोडं खोबरेल सोडा, म्हणजे लाकूड फाटणार नाही. आणि नसेल काढायचा तर नका काढू. मग मी परत आले.

त्या दिवसांत मला कॉलेजच्या वाचनालयात बसवत नव्हतं. खिळा तसाच राहिला तर आजी बंदर न बघता राहणार. काढला आणि पलीकडे काहीच निघालं नाही तर त्यांचं तेवढंही जाणार, आणि ते मी सुचवलेलं. चाचांना विचारलं तर म्हणाले, "नाणं त्यांचं, नवरा त्यांचा, खिळा त्यांचा. तू फक्त उजेड धर."

दसऱ्याच्या अलीकडे जयेशचा फोन आला. "बहुधा मॅडम, या. आजी रोज तेल घालते. आज बोलली, बोलव पोरीला."

मी पोचले तेव्हा आजी उंबऱ्यावर नव्हत्या, शेजारी पाटावर बसल्या होत्या. जयेशने पकड लावली. "हलू," आजी म्हणाल्या. "हलू रं. त्याला दुखंल." खिळा आधी कुरकुरला, मग लांब श्वास सोडल्यासारखा बाहेर आला. जयेशने तो आजीच्या तळहातावर ठेवला आणि त्यांनी मूठ मिटली.

नाणं मी उचललं. पाठीला चिकटलेला लाकडाचा भुसा मऊ कापडाने टिपला, घासला नाही. बॅटरी तिरपी धरली. खरं तर गरज नव्हती. पलीकडची बाजू जवळजवळ पाडली गेली तशीच होती. पाठीवर कासवासारखं झाकण असलेलं एक जहाज, पुढे तोंड वासलेलं डोकं, खाली वल्ह्यांची रांग. खिळ्याचं भोक बरोबर जहाजाच्या पोटातून गेलेलं. खाली गोल आणि काठ्यांची ती लिपी, जी मी लूमच्या तेलातून निघालेल्या नाण्यांवर शिकले होते.

"कोरिया," मी म्हणाले. "पाच वॉन. त्या काळी त्यांच्या बाजारात चालणारी चिल्लर आहे ही."

"नक्की? बहुधा नाही?" जयेशने विचारलं.

"बहुधा नाही."

आजीने नाणं हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. ज्या बाजूवरून इतकी वर्षं सगळं घर ये-जा करत होतं, तिच्या खाली हे होतं.

"जहाज उंबऱ्याला ठोकलंन," त्या म्हणाल्या, "आन् सोता गेला."

नवऱ्याला इतका वेळ "ते" म्हणणाऱ्या आजींनी तेवढ्या वेळी त्याचा एकेरी उल्लेख केला.

मला मात्र एक गोष्ट सुटत नव्हती. नाणं ठोकणारा माणूस चित्र वर ठेवतो. लक्ष्मीसाठी ठोका नाहीतर शोभेसाठी, छान बाजू सगळ्यांना दिसावी म्हणून वर. आजोबांनी इतकं सुंदर जहाज लाकडाकडे तोंड करून का ठोकलं असेल? चाचा म्हणाले, घाईत ठोकलं असेल. मला ते पटलं नाही.

जयेशने चीनची टूर रद्द केली. कोणतं बंदर, हे मात्र नाण्याला माहीत नव्हतं. डोंगरावर घरं आणि खाली जहाजं म्हटल्यावर आम्ही मोबाईलवर कोरियातल्या बुसान बंदराचे फोटो शोधले. आजीने एकेक फोटो बघितला आणि मोबाईल जयेशला परत दिला. तिथे मी पुन्हा "बहुधा" म्हटलं. जयेश म्हणाला, "चालेल. बहुधावर जाऊ."

ते दोघं थंडी ओसरल्यावर गेले. जाताना आजीने ते नाणं कमरेच्या पिशवीत घेतलं होतं. "त्यांची चिल्लर तिथली हाय. तिथंच दर्यान् सोडतंय," त्या म्हणाल्या होत्या. त्या परतल्याचं कळल्यावर मी रविवारी गेले. बंगल्याच्या मागच्या दारात सुतार काम करून गेला होता. जयेश वैतागलेला. "संगमरवराची चौकट होती, मॅडम. इटालियन. ती काढून हे जुनं लाकूड बसवायला लावलं तिने."

आजी आत चहा पीत बसल्या होत्या. मला बघून हसल्या. मी विचारू की नको असं करत शेवटी विचारलं, "तेच होतं का, आजी?"

"कुनाला म्हाईत? डोंगर व्हता. घरा चिकटलेली. याने मना एका घराच्या दारान् उभी केली, त्या बाई बिचारीने खुर्ची दिली, पानी दिला. खाली जहाजा व्हती." कपातला उरलेला चहा त्यांनी फिरवला. "मी हात केला. लय येल केला. याला लाज वाटली, हा फोटो काढाचा बंद झाला."

"आणि नाणं?"

त्यांनी कमरेची पिशवी सोडली. नाणं तिथेच होतं. "दर्याशी नेलं. सोडाया हात पुढं केला, उघडलाच न्हाय. मीच त्याला बोलले, चल घरी."

मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात देत मागच्या दारात आल्या आणि बसवलेल्या उंबऱ्यापुढे बसल्या. जुनं भोक तेलाने काळं झालेलं स्पष्ट दिसत होतं. पिशवीतून त्यांनी तोच गंजका खिळा काढला. हातोडी आधीच बाजूला आणून ठेवली होती. नाणं त्यांनी माझ्या हातात दिलं.

एरवी नाण्याला भोक पाडू नका, खिळा मारू नका, घासू नका, हेच मी चार वर्षं लोकांना सांगत आले. त्या दिवशी मी स्वतःच नाणं भोकावर ठेवलं आणि विचारलं, "जहाज वर ठेवू? सगळ्यांना दिसेल."

आजींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी इयत्ता पहिलीत गेले.

"कॉलेजान् जातंस ना तू? येता-जाता पोरा पाय देतान उंबऱ्यावर. जहाजावर पाय दील का कोन?"

मी नाणं उलटलं. जहाज लाकडाकडे केलं आणि घट्ट दाबून धरलं. आजीने खिळा भोकात उभा केला, एका हाताने माझी बोटं थोडी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "आता धर. हलू नको."